तुम्ही विचारलंत म्हणून : उंदरांत काय सापडलं

कानबाईच्या रोटांना सगळे भाऊबंद चोपड्याला जमतात आणि पंगतीत कोणीतरी विचारतंच, "उंदरं पाळीसन काय सापडनं रे तुले?" मागून ठरलेलं दुसरं वाक्य येतं : बापाची, म्हणजे आप्पांची, शुगर तरी उतरली का? इतकी वर्षं मी हसून रोट मोडत राहिलो. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून एकदा सगळं सांगतो.

साखरेचा रोग कुठून येतो ते शोधायला मी प्रयोगशाळेत उंदीर पाळायचो; त्यांना रोग 'लावत' नव्हतो. एका खोडाचे मुनवे लावले की बागेतली सगळी केळी आतून एकच. बांधाकडच्या झाडाचा घड हलका भरला तर आपण पाण्याला दोष देतो, बेण्याला नाही. सख्ख्या भावा-बहिणीची जोडी सलग २० पिढ्या लावली की उंदरांचं तसंच होतं. ब्लॅक सिक्स ही काळी जात तुपकट खाण्यावर सुटते, रक्तात साखर चढते. ए-जे ही पांढरी जात तेच खाऊन बऱ्यापैकी तशीच राहते. म्हणजे खोट बेण्यात. पण बेण्यात कुठे?

त्यासाठी दोघांचा संकर करायचा. पहिली पिढी हायब्रिड कपाशीसारखी, सगळी सारखी. त्याच कपाशीची सरकी घरी ठेवून पेरली तर एक झाड कमरेला, शेजारचं गुडघ्याला, हे तुम्हाला मी सांगायला नको. शेतकऱ्याचं त्यात नुकसान, आम्हाला नेमकं तेच हवं असतं. त्या विस्कटलेल्या पिढीतून जोड्या उचलायच्या, प्रत्येकीचा वंश वेगळा ठेवायचा, पुन्हा २० पिढ्या भाऊ-बहीण. काळ्या-पांढऱ्याच्या डीएनएचे तुकडे प्रत्येक वंशात वेगळ्या मांडणीने पक्के होतात. मग कोणता तुकडा असला की साखर चढते ते वंशावंशांत ताडून पाहायचं. १९७०च्या दशकापासून अमेरिकेत असे संच करतात. आमचा संच छोटा होता, संस्था परराज्यातली.

चौदावी पिढी चालू होती. पिंजरे बदलायचा दिवस. ११ नंबरच्या वंशाचा नर आणि १७ नंबरच्या वंशाचा नर, दोन्ही काळेकुळकुळीत. एकाच्या डाव्या कानाला खाच, दुसऱ्याच्या उजव्या. शेपटीला धरून दोघांना स्वच्छ पिंजऱ्यांत सोडलं, कार्डं अडकवली. कान पाहिले होते का? पाहिलेच असणार, असं मी स्वतःला दोन वर्षं सांगितलं. नव्हते पाहिले.

तीन आठवड्यांनी पिल्लं झाली, गुलाबी, छान. शेपटीच्या टोकांची डीएनए तपासणी चार महिन्यांनी झाली. ११ मध्ये जिथे फक्त काळ्याचा तुकडा उरला होता तिथे दोन्हीकडचे दिसू लागले. १७ मध्येही तेच; नरांची अदलाबदल झाली होती. मागची भावंडं जागा वाचवायला मीच मारली होती, जुन्या माद्यांची वीण थांबलेली. मागे जायला वाट नाही. गाइड ओरडले नाहीत. फळ्यावरचे ११ आणि १७ त्यांनी ओल्या फडक्याने पुसले, आणि तो फळा नंतर मला बघवेना. २३ उंदीर होते. उंदीर मारायच्या कार्बन डायऑक्साइडच्या पेटीपाशी मी एकटाच उभा होतो; दुसऱ्या कोणाला सांगायचं धाडस झालं नाही.

आप्पांचा पायाचा अंगठा काढावा लागल्याचा फोन त्याच दिवशी आला आणि म्हणून माझा हात चुकला, असं मी एक-दोघांना सांगितलंय. खोटं आहे ते. फोन पुढच्या आठवड्यात आला. त्या दिवशी मला फक्त कंटाळा आला होता.

आता काय सापडलं ते. एका गुणसूत्रावरचा एक पट्टा, आणि त्यात शेकडो जनुकं. त्यांतलं कोणतं ते माझ्या हातून ठरलं नाही. शिवाय तो पट्टा असूनही काही वंश सडपातळच राहिले. एक जनुक, एक रोग, असं तुम्हाला ऐकायचं असतं; मलाही पंचविशीत तेच ऐकायचं होतं. इथे थोडं इकडचं, थोडं तिकडचं, वर खाणं. माणसांवरच का नाही करत, असं विचारणाऱ्यांना तेव्हा मी मूर्ख समजायचो. ते मूर्ख नव्हते. लाखो माणसांच्या डीएनएवरून साखरेशी जोडलेल्या शेकडो जागा मिळाल्याच आहेत. पण त्या लाखोंनी लग्नसराईत किती गुलाबजाम खाल्ले ते कोण लिहितं? माझ्या पिंजऱ्यात खाण्याचा ग्रॅमन् ग्रॅम मोजलेला असायचा. हे बोललो की लगेच वाटतं, ब्लॅक सिक्स म्हणजे आप्पा नव्हेत. दोन्ही खरं आहे; त्यांचा मेळ मला घालता येत नाही.

११ आणि १७ असते तर पट्टा अरुंद झाला असता का? थोडा झाला असता. कदाचित.

आप्पांनी मला हे कधीच विचारलं नव्हतं. यंदा पंगत उठल्यावर पेटीची गोष्ट त्यांना सांगितली. ते म्हणाले, "सगळे?"

"दोन्ही वंशांचे."

"आणि बाकीचे पिंजरे?"

"ते चालू आहेत. दुसरा मुलगा बघतो."

"त्याले सांग, कान पहाय म्हना," असं म्हणून ते चप्पल शोधायला लागले.