टीम गेली, मैदान राहिलं

आमचं गाव न्यूयॉर्क राज्यात असलं तरी त्या न्यूयॉर्कशी त्याचा काडीचा संबंध नाही. मॅनहॅटनहून गाडीनं पाच-साडेपाच तास वायव्येला आलात, गोठे, मक्याची शेतं आणि सफरचंदाच्या बागा लागल्या, की आलं आमचं गाव. इथे मी रोटरी क्लबची सभासद आहे, हे पुण्यात सांगितलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हॉटेलातला हॉल, कोट आणि फोटोसेशन येतं. इथली रोटरी म्हणजे मंगळवारी दुपारी चर्चच्या तळघरात गोल टेबलं, कुणाच्या तरी घरून आलेला मॅकरोनीचा ट्रे आणि पाणचट कॉफी. आधी घंटा, मग झेंड्यासमोर प्रतिज्ञा, मग जेवण, मग ‘हॅपी डॉलर’. ज्याच्याकडे चांगली बातमी असेल त्यानं डब्यात एक डॉलर टाकायचा आणि ती सांगायची. नातीला कॉलेजात प्रवेश मिळाला. नवा गुडघा बसवला. बफेलो बिल्स (इथला फुटबॉलचा संघ) जिंकले. बहुतेकांनी सत्तरी ओलांडली आहे.

मला इथे ओढून आणलं ते पोलिओनं. क्लबातल्या एक निवृत्त नर्सबाई लसीकरणासाठी भारतात जाऊन आलेल्या. १९८५ पासून रोटरीनं पोलिओचा ध्यास घेतलाय आणि भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्याचा, ही तारीख त्यांना तोंडपाठ होती. मला नव्हती. लहानपणी शाळेत डोस द्यायला येणाऱ्यांच्या पिवळ्या ॲप्रनवर रोटरीचं हेच दातेरी चाक असायचं, एवढंच मला आठवत होतं.

तर परवाच्या मंगळवारी वक्ते होते बेसबॉलच्या छोट्या क्लबांच्या कचेऱ्यांमध्ये जन्म घालवलेले एक गृहस्थ. विषय होता मायनर लीगचं भवितव्य. मला वाटलं, जेवण झाल्यावर डुलकी काढायला बरा विषय आहे. पण तासभर टेबलं गरम झाली.

तिकडच्या वाचकांसाठी थोडं सांगावं लागेल. मेजर लीग म्हणजे बेसबॉलची सगळ्यात वरची स्पर्धा. तिच्यात ३० संघ आहेत, ते सगळे मोठ्या शहरांत. प्रत्येकाच्या हाताखाली लहान गावांतले संघ असतात, तीच मायनर लीग, आणि नवखी पोरं तिथे पायरी पायरीनं वर चढतात. ही शिडी १९२०च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्सच्या ब्रँच रिकीनं पद्धतशीर बांधली. खेळाडू आणि प्रशिक्षक यांचा पगार वरचा संघ देतो. तिकिटं, हॉटडॉग, बस, गवत हे सगळं खालच्या क्लबानं बघायचं. मैदान बहुतेक ठिकाणी गावाच्या करातून उभं राहिलेलं. म्हणजे मांडव आपला, आचारी आपला, आणि नवरदेव कधी बदलायचा ते परगावचा मामा ठरवणार.

वक्त्यांनी उदाहरण दिलं बटेव्हियाचं. रोचेस्टर आणि बफेलोच्या मध्ये, जेमतेम पंधरा-सोळा हजार वस्तीचं गाव. १९३९ साली तिथल्या हॉटेल रिचमंडमध्ये पेनसिल्व्हेनिया, ओंटारिओ आणि न्यूयॉर्क मिळून एक लीग जन्माला आली. तीच पुढे न्यूयॉर्क-पेन लीग झाली. बटेव्हियाच्या संघाचं नाव मकडॉग्स, कारण पलीकडे एल्बाच्या बाजूला काळी दलदलीची जमीन आहे, तिला ‘मक’ म्हणतात आणि तिच्यात कांदा पिकतो. (कांद्यावरून संघाला नाव मिळतं हे वाचून नाशिककरांनी काय तो बोध घ्यावा.) या गावात २००० साली चेस अटली खेळला, २००१ साली रायन हॉवर्ड. दोघंही फिलाडेल्फियाकडून २००८ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं विजेतेपद, जिंकले. आमच्या टेबलावरच्या एका म्हाताऱ्यानं हॉवर्डला बटेव्हियात पाहिलं होतं. चेंडू कुंपणापलीकडे कुठपर्यंत गेला ते सांगताना त्याचा काटा खाली पडला.

मग आला २०१९चा हिवाळा. मेजर लीगनं ४२ गावांचे संघ तोडायचा घाट घातल्याची बातमी फुटली. मैदानं जुनाट आहेत, प्रवास लांबचा पडतो, ही कारणं दिली गेली. न सांगितलेलं कारण असं, की फ्लोरिडा-ॲरिझोनातल्या स्वतःच्या केंद्रांत कॅमेरे आणि संगणक लावून पोरं तयार करता येतात, मग एवढी गावं पोसायची कशाला? अमेरिकी काँग्रेसच्या शंभरावर सदस्यांनी निषेधाचं पत्र लिहिलं, सिनेटर बर्नी सँडर्स मेजर लीगचे कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांना जाऊन भेटले. तेवढ्यात करोना आला आणि २०२०चा मायनर लीगचा हंगामच रद्द झाला. जुना करार सप्टेंबरात संपला आणि डिसेंबरात १६० ऐवजी १२० संघांना आमंत्रण गेलं. न्यूयॉर्क-पेन लीग बरखास्त झाली. बटेव्हिया बाहेर.

“असं करता येतं त्यांना?” मी विचारलं. येतं. बेसबॉल हा राज्याराज्यांतला व्यापार नाही, म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू होत नाही, असं सुप्रीम कोर्टानं १९२२ साली ठरवून ठेवलंय. शंभर वर्षं झाली, तो निकाल अजून उभा आहे. बाकीच्या कुठल्याच मोठ्या खेळाला इतकी मोकळीक नाही.

इथे एक डेअरीवाले आजोबा उठले. रोटरीत ‘फोर-वे टेस्ट’ म्हणून चार प्रश्न असतात, दर बैठकीत म्हणतात. त्यातला दुसरा, हे सर्व संबंधितांना न्याय्य आहे का? आजोबांनी तेवढाच खणखणीत आवाजात म्हटला आणि खाली बसले. हशा पिकला.

पण समोरून एका शिक्षिकेनं जे विचारलं ते मला जास्त पटलं. पोरांना न्याय्य होतं का आधीचं? २०१८ साली खर्चाच्या एका भल्यामोठ्या विधेयकात कलम घुसडून या खेळाडूंना किमान वेतनाच्या कायद्यातून वगळलं होतं. लो-ए या खालच्या पायरीवरच्या पोराला वर्षाला ११,००० डॉलरच्या आसपास मिळायचे. २०२२ मध्ये खेळाडूंनी युनियन केली, २०२३ मध्ये पहिला करार झाला, आणि तो आकडा २६,२०० वर गेला. ट्रिपल-ए या मायनर लीगच्या सगळ्यात वरच्या पायरीवर ३५,८००. आपण ज्या स्वस्त तिकिटांच्या संध्याकाळी आठवून हळहळतो त्यांचा खर्च ही उपाशी पोरं भरत होती, असं ती म्हणाली. टेबलावर कुणाला चटकन उत्तर सुचलं नाही.

मला मात्र वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. पूर्वी नव्या खेळाडूंची निवड ४० फेऱ्यांत व्हायची. २०२१ पासून २० फेऱ्या. त्याही आधी फेऱ्या याहून जास्त असायच्या. माइक पियाझाला १९८८ साली ६२व्या फेरीत घेतलं होतं, तेही जवळजवळ ओळखीपाळखीवर. तो बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. आता ६२वी फेरीच नाही. रिंकू सिंगसारखा, कधी बेसबॉल न पाहिलेला उत्तर प्रदेशातला भालाफेकपटू, टीव्हीवरच्या स्पर्धेतून पिट्सबर्गच्या खालच्या संघांत जाऊन पोचला, कारण खाली भरपूर जागा होत्या. संगणकाला न दिसणाऱ्या पोरासाठी ठेवलेली जागा कापली गेली, आणि ती कापली गेल्याचं कुठल्याच ताळेबंदात दिसणार नाही.

पुढचं काय? सध्याचे परवाने २०३० पर्यंतचे आहेत. तोवर १२० संघ राहतील. पण मेजर लीगनं मैदानांचे नियम कडक केलेत. दिवे, कपडे बदलायच्या खोल्या, महिला कर्मचाऱ्यांसाठी वेगळी सोय. यातलं बरंचसं हवंच होतं, पण बिल गावाकडे येतं. दुसरीकडे डायमंड बेसबॉल होल्डिंग्ज या एकाच कंपनीनं चाळीसहून जास्त संघ विकत घेतलेत. वक्ते म्हणाले, २०३० ला आकडा आणखी खाली आला तर मला आश्चर्य वाटणार नाही. मलाही नाही वाटणार.

गंमत म्हणजे बटेव्हियाचं मैदान ओस पडलं नाही. नाव मकडॉग्सच ठेवून २०२१ पासून तिथे कॉलेजची पोरं उन्हाळ्यात खेळतात, बिनपगारी. वर कुठला मोठा संघ नाही. आणि गर्दी शेवटच्या व्यावसायिक हंगामांपेक्षा जास्त. गावकऱ्यांना मायामीचा (मकडॉग्सच्या वरचा शेवटचा मोठा संघ) भावी पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, बघायचा नव्हताच बहुधा. ओळखीच्या माणसाशेजारी बाकावर बसायचं होतं. हॉवर्डवाले आजोबा यावर भयंकर चिडले. “मग बेसबॉल कशाला, बिंगो ठेवा!” त्यांचंही चूक नाही. समोरचा पोरगा पुढच्या वर्षी टीव्हीवर दिसेल, या आशेवरच त्यांनी आयुष्यभर तिकिटं काढली.

आमच्या गावातही अशी एक कॉलेजच्या पोरांची टीम आहे. पोरं दोन महिने गावातल्या घरांत राहतात, आणि घरं शोधायचं काम, अर्थातच, रोटरीकडे. बैठक संपता संपता कागद फिरला. नवऱ्याला न विचारता मी नाव लिहिलं. जूनमध्ये एक डावखुरा पिचर येतोय, टेक्ससचा. अंडी खातो, मांजर चालतं, आणि मिरचीबद्दल त्यानं ईमेलमध्ये स्वतःहून लिहिलंय, ‘जितकी जास्त तितकी बरी’. लवंगी मिरची दाखवतेच त्याला.