आमची वाटचाल : म्हाताऱ्या जहाजांवर चाललेला धंदा

आमच्या कामाला गोदीत ‘गेजिंग’ म्हणतात. जहाजाच्या प्लेटवर प्रोब टेकवायचा, अल्ट्रासोनिक मीटरवर जाडी वाचायची, टिपून घ्यायची. बारा मिलिमीटरची प्लेट नऊवर आलेली निघाली की सर्व्हेयर खडूने खूण करतो आणि मालक खर्चाच्या विचाराने गप्प होतो.

वडील मुंबईत रे रोडला चिपिंग-पेंटिंगचे, म्हणजे जहाजाचा गंज खरवडून रंग द्यायच्या कामाचे ठेकेदार. 1993 पासून तेलवाहू आणि बल्क (कोळशासारखा सुटा माल नेणाऱ्या) जहाजांच्या तपासणीचे आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले, तसं त्यांनी एक सेकंडहँड मीटर घेतलं. तिथून आमची फर्म.

या धंद्याचं गणित उघड आहे. जहाज जितकं जुनं तितकी मोजणी जास्त. कोवळ्या जहाजावर थोडक्यात भागतं. पंधरा वर्षं उलटलेल्या टँकरवर डेकची आणि तळाची एकेक प्लेट बघावी लागते. गंज कुठे सापडेल हे आता हाताला ठाऊक झालंय. बॅलास्ट टाकीत (जहाज स्थिर राहावं म्हणून समुद्राचं पाणी भरतात ती) तो वरच्या बाजूला, डेकच्या खाली धरतो, कारण उन्हाने लोखंड तापतं आणि आतली खारट हवा घाम धरते. कोळशाच्या जहाजात होल्डच्या, म्हणजे माल भरायच्या कोठाराच्या, फ्रेम खालून खाल्ल्या जातात. तिथे ओल्या कोळशातलं गंधक बसतं आणि वर माल उपसणाऱ्या ग्रॅबचे दणके.

आपल्या मालकांकडे जुनीच जहाजं का, असं लोक विचारतात. मोठ्या जहाजांना पायाभूत सुविधांचा दर्जा द्यायची घोषणा 2025 च्या अर्थसंकल्पात झाली. तोवर कर्ज महाग आणि मुदत तोकडी. मग परदेशी मालकाने पंधरा-अठरा वर्षं राबवून विकलेलं जहाज आणायचं आणि किनाऱ्यावर फिरवायचं. (आम्ही ज्या ह्यूजेस ड्राय डॉकमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या कोरड्या गोदीत, जातो तो 1914 चा, त्याच्यापुढे ही जहाजं पोरंच.)

2023 मध्ये नौवहन महासंचालनालयाने वयाचे नियम आणले : तेलवाहू आणि बल्क जहाजांना 25 वर्षांची मर्यादा. आमचे बरेच ग्राहक त्यात अडकले. माझ्या मते वय हा ढोबळ निकष आहे; नीट रंगवलेलं सत्तावीस वर्षांचं जहाज हेळसांड झालेल्या चौदा वर्षांच्या जहाजापेक्षा जाड निघालेलं मी स्वतः मोजलंय. पण 1984 चं ‘रॅक’ हे जहाज 2011 च्या ऑगस्टमध्ये कोळशासकट मुंबईसमोर बुडालं, त्याचं तेल किनाऱ्याला लागलं. ते आठवलं की नियमाला नावं ठेवायला जीभ धजत नाही.

जुनी जहाजं अलंगला तोडायला गेली की गेजिंग कमी होणार, हे धरून चाललोय. नव्या जहाजांच्या बॅलास्ट टाक्यांच्या रंगाला 2008 पासून जागतिक मानक लागू आहे आणि तो तपासायला प्रमाणपत्रधारी माणूस लागतो. आमच्या दोन मुलांना त्या कोर्सला घातलंय. फी ऐकून वडील म्हणाले, ‘‘एवढ्यात मी आख्खी फर्म उभी केली होती.’’ पैसे मात्र त्यांनीच भरले.