तुम्ही विचारलंत म्हणून: मेरी, तिची आया आणि मी

"जुनी इंग्रजी बालपुस्तकं मुलांच्या हातात द्यावीत का? त्यात गोऱ्यांची मिजास, मुलींनी घर सांभाळायचं..." मी मुलांच्या पुस्तकांवर लिहिते, म्हणून हे मला वारंवार विचारलं जातं. माझं उत्तर 'द्यावीत' असंच आहे. पण ते एका पुस्तकावरून सांगते, कारण त्या पुस्तकाने मला फसवलं होतं.

फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांचं 'द सिक्रेट गार्डन' 1911 साली पुस्तकरूपात आलं. त्याच वर्षी दिल्लीत पंचम जॉर्जचा दरबार भरला. मेरी लेनॉक्स भारतात वाढलेली इंग्रज मुलगी. मनाविरुद्ध झालं की आयाच्या थोबाडीत मारणारी. पटकीच्या साथीत आया जाते, आईवडील जातात आणि मेरीला इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला, वारलेल्या आत्याच्या नवऱ्याच्या हवेलीत पाठवतात. तिथली मोलकरीण मार्था भाबडेपणाने म्हणते, मला वाटलं होतं तू काळी असशील. मेरी संतापते. नेटिव्ह म्हणजे माणसं नव्हेत, सलाम ठोकणारे नोकर, असं ती सुनावते.

लहानपणी हे वाचताना मी मेरी होते. तिथे मेरीला सापडलेली कुलूपबंद बागेची किल्ली, ती भिंतीआडची बाग, सगळं माझं होतं. आयाकडे मी वळूनही पाहिलं नाही. तिला पुस्तकात नावच नाही, हे तर पुष्कळ वर्षांनी लक्षात आलं. आपल्याच माणसाला आपण न बघता पुढे गेलो, याचं मला अजून वाईट वाटतं.

मोठेपणी परत वाचलं तेव्हा तेराव्या प्रकरणापाशी थांबले. रात्री मेरीला तिचा आतेभाऊ कॉलिन सापडतो: आजारी, हट्टी, सगळ्या घराला धाकात ठेवणारा मुलगा. त्याला झोप यावी म्हणून ती म्हणते, माझी आया करायची तसं करते. ती त्याचा हात थोपटते आणि हलक्या आवाजात हिंदुस्तानीतलं गाणं गुणगुणते. जिला मारलं, तिच्याच जागी मेरी आता येऊन बसली आहे, आणि पलंगावर मालकाचा मुलगा आहे. कॉलिनच्या हुकूमशाहीला मेरी शब्दही भारतातलाच वापरते: राजा. हवेली इंग्रजाची, वारस इंग्रज, पण त्याच्या अरेरावीचं खापर मात्र आपल्या राजांवर! पुढे कथा कॉलिनकडे सरकत जाते. अखेरीस हिरवळीवरून ताठ चालत येतात ते बाप आणि मुलगा. बाग शोधणारी मेरी त्या चित्रात नाही.

म्हणून साम्राज्य आणि बाईपण हे दोन वेगळे दोष मला वाटत नाहीत. एकाच उतरंडीतली ही मडकी आहेत. जे. एम. बॅरी यांच्या 1911 च्याच 'पीटर अँड वेंडी'मध्ये, म्हणजे पीटर पॅनच्या गोष्टीत, बघा: वेंडी उडत नेव्हरलँड या कल्पित बेटावर जाते आणि तिथे मुलांचे टाचेला फाटलेले मोजे रफू करत बसते, तर तिथले रेड इंडियन पीटरपुढे लोटांगण घालून त्याला 'थोर गोरा पिता' म्हणतात.

खटकणारी वाक्यं गाळलेल्या आवृत्त्या मला नको वाटतात. मेरीचं ते वाक्य काढलं तरी आया बिननावाचीच राहते, उलट ती कुणाला दिसायची शक्यताही संपते. नऊदहा वर्षांच्या मुलांना पूर्ण पुस्तक द्या. बाग त्यांना मनसोक्त भोगू द्या, ती खरोखर सुंदर आहे. तेरावं प्रकरण मात्र त्यांच्याजवळ बसून मोठ्याने वाचा, आणि ते गाणं मेरीला कुणी शिकवलं, तेवढं विचारा.