आमची वाटचाल : आधी श्वास, मग दाब

गोव्यातल्या फोंड्यात आम्ही अग्निशामक सिलिंडर विकायचो, भरून द्यायचो. कारखान्यातले कामगार हमखास विचारत, आग विझेल, पण भाजलेल्या माणसाचं काय करायचं? त्यातून प्रथमोपचाराचं प्रशिक्षण सुरू झालं. आता जीवरक्षक, खाणकामगार, रापणकार (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार), धबधब्यांवर नेणारे वाटाडे आमच्याकडे शिकतात.

२००८ मध्ये गोव्यात १०८ रुग्णवाहिका आली, मोठा आधार झाला. तरी दूधसागरच्या रानात ती पोचायला वेळ लागणारच, आणि प्राणवायू तुटला की काही मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. त्या मिनिटांत जवळ असतो तो फक्त पाण्यातून ओढून काढणारा.

वर्गात मी अमेरिकेतल्या पिट्सबर्गची गोष्ट आवर्जून सांगतो. भूलतज्ज्ञ डॉ. पीटर साफर यांनी १९६७ च्या सुमारास तिथल्या बेरोजगार कृष्णवर्णीय तरुणांना रुग्णवाहिकेवरचे तज्ज्ञ बनवलं. आमच्या पोरांना हे ऐकून बळ येतं.

सर्वाधिक वेळ मी बुडालेल्या माणसावर देतो. मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे 'फक्त छाती दाबा' एवढंच डोक्यात बसलेलं असतं. अचानक हृदय थांबून कोसळलेल्या मोठ्या माणसाला ते चालतं. बुडालेल्याचं हृदय मात्र प्राणवायूअभावी थांबतं, म्हणून आधी श्वास द्यायचा. युरोपीय पद्धतीत सुरुवातीला ५ श्वास, मग ३० दाब आणि २ श्वास. दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. पोट दाबून किंवा उलटं धरून पाणी काढणं हा आपल्याकडचा जुना प्रकार. त्यात मोलाचा वेळ जातो आणि पोटातलं फुप्फुसात उतरू शकतं. ही सवय मोडायला सगळ्यात जास्त कष्ट पडतात.

पुस्तकं इंग्रजीत असली तरी शिकवणं मराठी-कोंकणीत, ट्रॉलरवरच्या परप्रांतीय खलाशांसाठी हिंदीत. सरावाचे पुतळे महाग आहेत. कारखान्यांच्या शुल्कातून तो खर्च निघतो, त्यामुळे मच्छीमारांकडून पैसे घेत नाही आणि घेणारही नाही.

हात काही महिन्यांतच विसरतो, म्हणून उजळणी हवीच. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, तेव्हा जेटीवरच वर्ग भरवतो. सत्तरी तालुक्यातल्या वाटाड्यांचे वर्ग मात्र मृगाआधी, कारण पाऊस लागला की धबधब्यांवर गर्दी होते.