वू सोंगचा पंचनामा

हांगचौला शीहू तळ्याच्या काठी, शिलिंग पुलाजवळ वू सोंगची समाधी आहे. ‘वॉटर मार्जिन’ या जुन्या चिनी कादंबरीतला हा वीर. तिला तिकीट नाही. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत ती असण्याचं खरं कारण एवढंच. ‘चीनचा महान लोकनायक’ वगैरे मजकूर ऑफिसातल्या एका मुलाने लिहिलाय, त्याने चीन पाहिलेला नाही. सोंग राजवटीतला सेनापती यूए फेई, त्याच्या मंदिराचं तिकीट काढलं की पुढे चालत चालत गणिका-कवयित्री सू शिआओशिआओच्या समाधीवरची छत्री, वू सोंगची समाधी आणि क्रांतिकारक छिउ जिनचा पुतळा अशी तीन ठिकाणं फुकटात पदरात पडतात, आणि मग तळ्यातली बोट.

मी टूर लीडर आहे. लोकांना वाटतं आमचं काम माहिती सांगायचं. माहिती दिवसाला तासभर, तीही लोकल गाईडला मध्ये मध्ये थांबवून. बाकी सगळा वेळ डोकी मोजण्यात जातो. जैन जेवण कुणाचं, लसूण चालतो पण कांदा नको असं कोण म्हणालं होतं, कानात घालायच्या यंत्राची बॅटरी कुणाची उतरली. ग्रुप व्हिसा असला की इमिग्रेशनला यादीतल्या क्रमानेच रांग लावावी लागते. नवरा यादीत वर आणि बायको तळाशी असली तर दोघांची समजूतही मीच काढायची. आणि रात्री खोलीतल्या फोनवर, “किटली चालत नाही, जरा चहाचं बघा ना.”

त्या ग्रुपमध्ये एक निवृत्त पोलीस निरीक्षक होते, पश्चिम महाराष्ट्रातले. सगळे त्यांना साहेब म्हणायचे, म्हणून मीही. फोटो काढत नसत, खरेदी करत नसत, वेळेवर बसमध्ये बसलेले असत. असा पाहुणा मिळाला की मला उगाच भीती वाटते. ज्याला खरेदी करायची नसते तो ऐकत असतो.

सकाळी यूए फेईच्या मंदिरात त्याची चुणूक दिसली. अंगणात चार लोखंडी पुतळे गुडघ्यांवर बसवलेत, हात मागे बांधलेले. यूए फेईला ११४२ मध्ये खोट्या आरोपावर मारलं, त्यातले हे गुन्हेगार. त्यातल्या छिन ह्वेई या मंत्र्याला पुरावा विचारला तेव्हा तो ‘असेलही कदाचित’ अशा अर्थाचं बोलला, हे गाईडने सांगितलं. ग्रुप हसला. साहेब हसले नाहीत. “एवढ्यावर रिमांड मिळतो,” म्हणाले.

वू सोंगची गोष्ट मात्र मी गाईडला सांगू देत नाही. ती माझी आहे. इथली समाधी १९६४ मध्ये काठावरच्या इतर समाध्यांबरोबर हटवली होती, २००४ मध्ये पुन्हा बांधली. शिळेवर ‘सोंग काळातला न्यायी वीर’ अशा अर्थाची अक्षरं आहेत. एवढं सांगून मी सगळ्यांना सावलीत उभं करते आणि दारूच्या गुत्त्यापासून सुरुवात करते.

गुत्त्यावर पाटी आहे : तीन वाडगे प्याल तर टेकडी ओलांडणार नाही. वू सोंग तीनावर थांबत नाही. अठरा, असं चीनमधलं पोरही सांगेल. मालक म्हणतो, टेकडीवर वाघ आहे, एकटा जाऊ नको. याला वाटतं, मुक्कामाचे पैसे उकळायचा डाव आहे. वाटेत झाडावरचा इशारा वाचूनही हसतो. पुढे मोडक्या देवळाच्या दारावर शिक्क्याची सरकारी नोटीस दिसते, तेव्हा घाम फुटतो. परत फिरावं तर मालक हसेल, म्हणून पुढे जातो. मग वाघाचे तीन डाव : झेप, कमरेचा उसळता तडाखा, शेपटीचा फटका. ते मी हातवारे करून दाखवते. सोटा झाडाच्या फांदीवर आपटून मोडतो आणि उरतात नुसत्या मुठी. इथे हमखास टाळ्या पडतात.

वाघ मारल्याचं इनाम तो शिकाऱ्यांत वाटून टाकतो, म्हणून न्यायाधीश खूश होऊन त्याला यांगकू गावच्या शिपायांचा नाईक करतो. इथे साहेब जवळ सरकले.

“म्हणजे हा आपल्यातला.”

हो म्हटलं, आणि पुढे गेले. न्यायाधीशाने अडीच वर्षांत बरीच माया जमवलेली असते. ती राजधानीत नातेवाइकांकडे पोचवायला तो वू सोंगलाच धाडतो. (“ऑर्डर्ली. साहेबाचं खाजगी काम,” साहेब म्हणाले.) इकडे बुटका, गरीब थोरला भाऊ वू दा दारोदार वाफवलेल्या पोळ्या विकतोय. त्याची बायको पान जिनलिएन, गावचा पैसेवाला शीमेन छिंग आणि शेजारची चहावाली म्हातारी मिळून त्याला औषधातून सोमल देतात आणि घाईने दहन उरकतात. वू सोंग परततो तेव्हा घरात पाटावर भावाच्या नावाची पट्टी.

पुढचा भाग मी नेहमी दोन वाक्यांत संपवते, कारण लोकांना सूड हवा असतो, तपास नको. त्या दिवशी साहेबांनी मला पळू दिलं नाही. प्रेत कुणी तपासलं? हो नावाच्या अधिकाऱ्याने, त्याला शीमेनने दहा चिनी तोळे चांदी दिली होती. ती त्याने खर्च केली का? नाही, जपून ठेवली. दहनातून काळी पडलेली दोन हाडंही उचलून ठेवली, आणि सोबत कागदावर तारीख आणि अंत्ययात्रेला हजर असलेल्यांची नावं.

साहेबांनी ग्रुपकडे वळून पाहिलं. वर्गातला एकच मुलगा नीट उत्तर देतोय अशा चेहऱ्याने. “ऐकलं का? मुद्देमाल, तारीख, हजर इसम. आमच्याकडे व्हिसेरा पाठवतात आणि बाटलीवरचं लेबल पुसलेलं असतं.”

वू सोंग हे सगळं घेऊन रीतसर न्यायाधीशाकडे जातो. शीमेनचे पैसे तिथे आधीच पोचलेले असतात. न्यायाधीश म्हणतो, चोर म्हणायचा तर माल दाखव, खून म्हणायचा तर जखम दाखव, तुझ्या भावाचं तर प्रेतही नाही. फिर्याद परत.

मग वू सोंग घरी चार शेजाऱ्यांना जेवायला बोलावतो. दारावर स्वतःचे शिपाई उभे करतो, कुणी उठायचं नाही. दारू पाजतो, ताटं उचलायला लावतो आणि सुरी काढतो.

“पंच चार,” साहेब म्हणाले. “धंदे काय त्यांचे?”

मला माहीत होते, याचा मला आजही अभिमान आहे. एक चांदीवाला, एक मृतांसाठी जाळायच्या कागदी वस्तू विकणारा, एक खायचं काहीबाही विकणारा म्हातारा आणि एक दारूवाला. हा दारूवाला पूर्वी कचेरीत कारकून होता. त्याच्याच हातात वू सोंग लेखणी देतो. तो थरथरत वहिनी आणि चहावाली या दोघींचे जबाब लिहितो, दोघींकडून अंगठ्याची निशाणी घेतली जाते, खाली शेजाऱ्यांची नावं. यानंतर वू सोंग वहिनीला मारतो, सिंह पुलाजवळच्या खानावळीत शीमेनला मारतो आणि दोन्ही मुंडकी भावाच्या पट्टीपुढे ठेवून स्वतःहून हजर होतो.

पाठीमागे कुणीतरी “बरोबर केलं” म्हणालं. साहेब म्हणाले, “माझ्या उभ्या नोकरीत इतका पक्का पंचनामा पाहिला नाही. आमचे पंच ठरलेले. चहावाला, झेरॉक्सवाला. कोर्टात फिरतात.”

टाळ्या झाल्या, फोटो झाले. आता धक्क्याकडे. पण साहेबांचा प्रश्न साधा होता : सजा काय झाली? मी म्हटलं, न्यायाधीशाला दया आली, त्याने जबाब बदलून घेतला. खून ठरवून केलेला नाही, भावाच्या पूजेवरून वहिनीशी झटापट झाली असा. फटके मारून, गालावर गोंदवून मंगचौला हद्दपार. पुढे तो लिआंगशानच्या १०८ बंडखोरांत गेला.

“हद्दपार माणूस बंडखोर कसा झाला? मधला कागद कुठाय?”

मधला कागद मी सांगत नाही. दहा मिनिटांचा थांबा असतो, ग्रुपमध्ये लहान मुलं असतात, पुढे जेवण असतं. चीनच्या शाळांमध्येही पाचवीच्या पुस्तकात वाघाचाच धडा आहे, तेव्हा मी काही जगावेगळं करत नाही. “बसमध्ये सांगते” म्हणाले आणि झेंडा उंच धरून निघाले.

धक्क्यावर डोकी मोजली तर एक कमी. गाईडही नाही. बोटीची तिकिटं तिच्याकडे.

मंडळी तापली. एक काकू मला शिस्तीवर ऐकवू लागल्या. या काकू रोज नाश्त्याला शेवटी यायच्या. मी मागे पळाले. साहेब समाधीच्या कठड्यापाशी उभे, गाईड त्यांना मोबाईलवर नकाशासारखं काहीतरी दाखवत होती. तिचं इंग्रजी शाळेतलं, त्यांचं ठाण्यातलं. पण दोघांचं अगदी जमलं होतं. तिने त्यांना मधला कागद दिला होता, आणि चिनी मुली सांगतात तसा, काहीही न गाळता.

मंगचौच्या तुरुंगात वू सोंगला फटके पडत नाहीत, उलट रोज मांस आणि दारू येते. पाठवणारा तुरुंगाधिकाऱ्याचा मुलगा शी एन. त्याची बाजारपेठेत खानावळ होती. जुगाराचे अड्डे आणि फिरत्या वेश्या यांच्याकडून तो पैसे घ्यायचा, दमदाटीला बापाच्या तुरुंगातले कैदी. जियांग नावाच्या दांडगटाने त्याला मारून ती जागा बळकावली. ती परत मिळवायला वू सोंग हवा होता.

“हप्त्याचं भांडण,” साहेबांनी मला बघताच सांगितलं, मी जणू उशिरा आलेली हवालदार. “जेलरच्या पोराचा हप्ता. आणि आपला वाघमाऱ्या त्यात गुंड.”

वू सोंग जियांगला झोडपतो. जियांगच्या बाजूचा सेनाधिकारी चांग वू सोंगला घरी ठेवतो, गोड बोलतो आणि चोरीच्या खोट्या आरोपात अडकवतो. पुन्हा हद्दपारी. वाटेत मारेकरी घातलेले असतात. तो चौघांना मारतो आणि सुरी घेऊन चांगच्या वाड्यात परततो. वर माडीवर चांग, जियांग आणि त्यांचा तिसरा साथीदार पीत बसलेत. खाली आधी घोडवान मरतो, मग स्वयंपाकघरात दोन मोलकरणी. त्यानंतर तिघे. मग चांगची बायको आणि घरातली बाकी माणसं. सरकारी मोजणीत मृत १५. माडीवरची चांदीची भांडी पायाखाली चेपून खिशात घालतो. भिंतीवर कापडाचा बोळा रक्तात बुडवून लिहितो : खून करणारा, वाघ मारणारा वू सोंग.

“खुनाचं ३०२ आणि त्यावर जबरी चोरीचं ३९७,” साहेब म्हणाले. नवीन संहितेचे आकडे त्यांना पाठ करायचे नव्हते. “पंधरातले तीन आरोपी. बाकीचे कोण?” मग शांतपणे, गाईडला नाही, मला : “पहिल्या खुनाला त्यानं साक्षीदार घरी बोलावले. दुसऱ्या वेळी जे साक्षीदार झाले असते ते मारले. आणि कबुलीजबाब स्वतः लिहिला. कचेरीत आपला कागद खरा राहत नाही, हे त्याला दोनदा दाखवलं होतं.”

हे त्यांनी वू सोंगच्या बाजूने म्हटलं की विरुद्ध, मला तेव्हा कळलं नाही. अजून कळत नाही.

मला बोचलं ते मात्र वेगळंच. गाईडने त्या दोन मोलकरणींचं संभाषणही सांगितलं होतं. चुलीपाशी गरम पाण्याच्या भांड्याजवळ त्या कुरकुरत असतात : दिवसभर सेवा केली तरी अजून झोपायला जात नाहीत, चहाच मागताहेत, पाहुण्यांना लाज म्हणून नाही. एवढंच बोलतात आणि वू सोंग दार उघडतो. ती हे सांगत असताना आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ती गाईड, मी टूर लीडर, धक्क्यावर आमचे पाहुणे. ती हसली. मी ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हाच माझ्या लक्षात राहिली होती, आणि लहान मुलं वगैरे कारणं खरी असली तरी ती ओळ जिथे आहे तो भाग मी ग्रुपपुढे सांगत नाही.

इथल्या लोकांत आणखी एक कथा आहे, ती गाईडने साहेबांना शेवटी सांगितली. त्या कथेतला वू सोंग हांगचौचाच, कचेरीतला शिपाईनाईक. त्याने एका जुलमी अधिकाऱ्याला मारलं, तो एकटाच अधिकारी, आणि स्वतः तुरुंगात मेला. लोकांनी त्याला तळ्याकाठी पुरलं. साहेबांनी ऐकून घेतलं. “ही केस साफ आहे,” म्हणाले, “म्हणून तिच्यावर कुणी कादंबरी लिहिली नाही.” आणि धक्क्याकडे चालू लागले. नमस्कार केला नाही.

उशीर झाल्यामुळे रेशमाच्या दुकानात जेमतेम पाव तास मिळाला. गाईडचं कमिशन बुडालं. तरी ती दिवसभर खूश होती. दुकानात नेऊन हसणारी गाईड मी पुष्कळ पाहिली आहे, दुकान बुडाल्यावर हसणारी तीच एक.

टूर संपल्यावर फॉर्म भरून घेतात. साहेबांनी सगळीकडे ‘उत्तम’ लिहिलं आणि माहितीच्या रकान्यात ‘अपूर्ण, हेतुपुरस्सर’. ऑफिसातून फोन आला. मी सविस्तर सांगायला लागले तर पलीकडून विचारणा झाली की तो थांबा वादग्रस्त असेल तर काढून टाकायचा का, रेशमाला वेळ वाढेल. मी नको म्हटलं.

साहेबांनी आता त्या कादंबरीचं इंग्रजी भाषांतर मागवलंय आणि रात्री-अपरात्री मेसेज करतात, बहुतेक कलमांबद्दल. परवा विचारलं : शी एनवर, त्या जेलरच्या पोरावर, शेवटपर्यंत गुन्हा दाखल झाला का?

मी कळवलं, नाही. तोही पुढे लिआंगशानवर गेला आणि १०८ वीरांत मोजला गेला.

“अंदाज होताच,” असं उत्तर आलं. मग थोड्या वेळाने दुसरं : “आणि त्या दोघी कुठल्या यादीत?”