रन एनीवे

मृणाल म्हणाली, "मावशी, मोअर इन्फो दाब, मग रन एनीवे दाब, संपलं." आणि कॉलेज रोडला निघूनपण गेली. वाईट काही बोलली नाही, पण ते "संपलं" जरा लागलंच. माझं कुठे काय असं पटकन संपतं.

अण्णांच्या फायली जुन्या फॉन्टातल्या, त्या युनिकोडमध्ये करायला एक छोटं सॉफ्टवेअर उतरवलं, कोणीतरी एकट्याने बनवून फुकट दिलंय, आणि उघडायला गेले तर ही मोठी निळी पाटी, विंडोजने म्हणे तुमचा पीसी वाचवला. खाली बटण एकच, डोन्ट रन. पुढची वाट त्या बारीक मोअर इन्फोमागे लपवलेली, तिथे पब्लिशर अननोन. मी नाही दाबलं. इतकी भित्री कधी झाले मी? भर पावसात स्कूटरवर त्र्यंबकला जाणारी बाई, आणि एका बटणाला घाबरते. हल्ली सगळं मलाच ठरवावं लागतं, म्हणून असेल. जाऊ दे, तो विषय नको.

तसं बघितलं तर व्हायरस सापडला असं ती पाटी म्हणतच नाही. नेटवरून आलेल्या फाईलवर ब्राउझर एक खूण ठेवतो, ती दिसली की स्मार्टस्क्रीन, म्हणजे विंडोजमधला पहारेकरी, बघतो फाईलवर डिजिटल सही कोणाची, आधी कितीजणांनी उतरवलीय. रविवार कारंजावर नव्या गिऱ्हाईकाला उधारी देत नाहीत, तसंच. सहीच्या सर्टिफिकेटला पैसे पडतात, फुकट वाटणारा कशाला घेईल? आणि सही असून तरी काय, २०१७ मध्ये सीक्लीनर या पीसी साफ करायच्या सॉफ्टवेअरची रीतसर सहीवाली आवृत्तीच पोखरलेली निघाली. म्हणजे पाटी येत नव्हती तेव्हा मी निर्धास्त होते, ते तरी कशाच्या जिवावर?

मग विंडोजमधल्या सर्टयुटिल कमांडने शा-२५६ काढला, म्हणजे फाईलचा बोटाचा ठसाच, ६४ अक्षरं, स्क्रीनवर बोट ठेवून साइटवरच्याशी जुळवत बसले. जुळली. फार हुशार वाटलं, थोडा वेळ. पण साइटच कोणी बदलली असेल तर तो तिथला आकडापण बदलेलच की! मग व्हायरसटोटलवर, जिथे एकच फाईल कितीतरी अँटीव्हायरस तपासतात, टाकली (सॉफ्टवेअरची फाईल, अण्णांची एकही नाही), तिथे एकाने लाल केलं, बाकी सगळे गप्प. आता त्या एकाचं ऐकायचं का बाकीच्यांचं?

बरं, घाबरट माणूस एवढे उद्योग करतो का? तो लॅपटॉप मिटून झोपतो. का एवढे उद्योग करणं हाच घाबरटपणा, कोण जाणे. असू दे, मी अशीच. जुना लॅपटॉप पडलाय, त्यात ना बँक ना फोटो, वायफाय बंद करायचं, अण्णांची एकच फाईल, तीपण कॉपी, आणि मग दाबायचं ते रन एनीवे. चार्जर सिडकोत दादाकडे आहे. फोन केला तर म्हणतो, "कशाला हवाय?" म्हटलं, तू आण आधी, मिसळ देते.