आमची वाटचाल : एका फुगलेल्या लॉटची गोष्ट

काथ्या आणि भंगारातल्या प्लास्टिकचे बोर्ड करायला घेतले तेव्हा आम्ही दोघंच होतो. जुना ट्विन-स्क्रू एक्स्ट्रूडर (तापलेल्या नळीत, म्हणजे बॅरलमध्ये, दोन स्क्रू फिरवून प्लास्टिक वितळवणारं आणि काथ्या मिसळणारं यंत्र), एक हॉटप्रेस आणि पाण्याची एक टाकी. टाकी ही पार्टनरची कल्पना. धुतलेला चुरा पाण्यात सोडायचा. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलिन वर तरंगतं. पेट (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) आणि पीव्हीसी तळाला जातं. पीव्हीसी बॅरलमध्ये गेलं तर तापून आम्लाची वाफ सोडतं आणि स्क्रू खातं. पेट वितळायला २५० अंशांच्या आसपास जावं लागतं, आणि काथ्या करपू नये म्हणून आपण २०० च्या खाली. "टाकीवरचा माणूस कधी कमी करू नकोस," असं तो मला सांगायचा. आज तो कामात नाही, टाकी आहे.

पुढची काही वर्षं ऑर्डरी येत गेल्या, माल जात गेला.

मग तो पावसाळा. काथ्या संध्याकाळी ड्रायरमधून नीट वाळून निघाला होता. रात्री पोती उघडी राहिली. वाळलेला काथ्या दमट हवेत काही तासांत पाणी परत ओढतो, हे मला माहीत होतं. तरी सकाळी ओलावा न मोजता माल हॉपरमध्ये, म्हणजे यंत्राच्या तोंडाशी असलेल्या नरसाळ्यात, टाकायला मीच सांगितलं. डिलिव्हरीची तारीख जवळ आली होती. बोर्ड निघाले गुळगुळीत, व्हर्निअरवर जाडी बरोबर. दोन महिन्यांत साइटवर कापलेल्या कडांनी पाणी प्यायलं आणि बोर्ड फुगले.

ते बोर्ड गेले होते आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाकडे. ते कंत्राटदार. फोनवर एवढंच म्हणाले, "माल परत नेऊ नका. आधी कारण शोधा, मग या." मी करवतीनं एक बोर्ड आडवा कापला. वरची साल चकचकीत, आत टाचणीच्या टोकाएवढी भोकं. बॅरलमध्ये वाफ झाली होती. चिमट्यानं एक तंतू ओढला तर तो कोरा बाहेर आला, प्लास्टिकचा कणही चिकटलेला नाही. कपलिंग एजंट, म्हणजे तंतू आणि प्लास्टिक जोडणारं रसायन, घातला होता, पण त्यातलं मॅलेइक अनहायड्राइड तंतूला धरण्याऐवजी पाण्याशीच लागलं होतं.

सगळा लॉट बदलून दिला. त्या वर्षी प्रेस विकायची वेळ आली होती.

एका स्पर्धकानं मात्र आमच्या फुगलेल्या बोर्डांचे फोटो काढून गिऱ्हाइकांना दाखवले. अजून दाखवतो. त्याच्या बोर्डावर 'नैसर्गिक' असा शिक्का असतो. एक तुकडा आम्ही भट्टीत जाळून पाहिला; मागे उरली बहुतेक चुनखडीची पूड. त्याचा बोर्ड फुगत नाही, कारण फुगायला आत तंतूच नाही. आम्ही चूक कबूल केली, लॉट बदलला, त्याचा फोटो कुणी काढला नाही. हे मनातून जात नाही.

नवीन येणाऱ्यांना सांगतो, हाताला काथ्या कोरडा लागला यावर जाऊ नका. मूठभर घ्या, वजन करा, १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवा, पुन्हा वजन करा. एक टक्क्याच्या वर ओलावा असेल तर लॉट थांबवा, गिऱ्हाईक कितीही ओरडू दे. वाळला की बंद पिंपात, आणि पिंपातून थेट हॉपरमध्ये. बोर्ड लावणाऱ्यांनी कापलेली कड सील करावी आणि सांध्यात फट सोडावी, प्लास्टिक उन्हात वाढतंच. आणि वजन पेलायच्या तुळईला हा माल कुणी मागितला तर सरळ नाही म्हणा. सततच्या भाराखाली तो हळूहळू वाकत जातो.

ते कंत्राटदार आजही माल आमच्याकडूनच घेतात. त्या लॉटमधला एक फुगलेला तुकडा त्यांच्या टेबलावर असतो. प्रत्येक ऑर्डरच्या खाली एकच ओळ लिहिलेली असते : लॉटचा ओलावा कळवणे. परवाच्या लॉटचा ०.६ टक्के आला. माल भरण्याआधी फोन करून सांगितला.